मोंडकर सरांची हरकत

मोंडकर सर आयुष्यात कधी बिअर प्यायले नाहीत. आमच्या गल्लीत साहिल तावडेने जे रेस्टॉरंट काढलं, तिथली बिअर पिण्याजोगी झाली ती मात्र त्यांच्यामुळे. हे चारचौघांत बोललेलं त्यांना आवडायचं नाही. कोणी विषय काढलाच तर ते म्हणायचे, "मी हरकत घेतली होती." म्हणून मीही आधी तेच लिहिते. सरांनी हरकत घेतली होती. लेखी, नऊ मुद्द्यांची, आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सर आम्हाला परळच्या शाळेत आठवी ते दहावी विज्ञान शिकवायचे. त्यातलं रसायन त्यांना आवडायचं, बाकीचं ते उरकायचे. उंच, शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मुलामुलींना आडनावाने हाक मारायचे. मी सावंत होते. लग्नानंतर आडनाव बदललं तेव्हा पेढे घेऊन गेले आणि तसं सांगितलं. सरांनी नीट ऐकून घेतलं, म्हणाले, "बरं झालं. बस, सावंत."

प्रयोगशाळेत त्यांचा एक नियम होता. कुठल्याही परीक्षानळीला थेट नाक लावायचं नाही. हाताने वारा घालून वास आपल्याकडे आणायचा. नियम सगळ्याच शाळांत असतो. सरांनी तो प्रयोगशाळेबाहेरही पाळला. चहा समोर आला की आधी कपावरून हात फिरवायचे. लालबागच्या बाजारात मासळीच्या पाटीसमोर उभे राहूनही तेच. एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "मास्तर, पापलेट घ्यायचंय की त्याची आरती करायचीय?" सर म्हणाले, "हे कालचं आहे." ते कालचंच होतं. तेव्हापासून ती त्यांना लांबून येताना पाहिलं की पाटीतलं खालचं वर काढून ठेवायची.

दरवर्षी शाळेत व्यसनमुक्तीवर एक तास व्हायचा आणि तो सरच घ्यायचे. काचेच्या बशीत अंड्याचा पांढरा बलक घ्यायचे, त्यावर स्पिरिट ओतायचे. बघता बघता तो पारदर्शक गोळा पांढराफटक आणि घट्ट व्हायचा. सर बशी वर्गभर फिरवायचे आणि म्हणायचे, "हे अंडं आहे. तुमच्याकडे यकृत आहे." एवढंच भाषण. गिरणगावातल्या त्या वर्गात निम्म्या जणांनी घरी काय पाहिलेलं असायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

सरांच्या घरातही असंच काहीतरी घडलेलं असणार, अशी आमची खात्री होती. वडील दारूपायी गेले असावेत, नाहीतर भाऊ. मोठी झाल्यावर मी एकदा धीर करून विचारलं. सर म्हणाले, "वडील गिरणीत होते, माळकरी होते, नव्वद वर्षं जगले. भाऊ पोस्टात. कोणी प्यायलं नाही. सावंत, माणसाला साधं मत असायला घरात कोणी मेलेलंच असावं लागतं का?"

आम्ही नववीत असताना त्या अंड्याच्या तासाला एका मुलाने हात वर केला होता. तो मुलगा साहिल तावडे. त्याने विचारलं, "सर, तव्यावर टाकलं तरी अंडं असंच पांढरं होतं. मग गरम जेवायचंच नाही का?" वर्ग हसला. सरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. पुढे वर्षाअखेरीला त्याच्या प्रगतिपुस्तकात त्यांनी लाल पेनाने शेरा लिहिला, 'विज्ञान शाखेच्या वाटेला जाऊ नये.' साहिलच्या वडिलांना सरांचा शब्द म्हणजे छापील कायदा. दहावीनंतर त्यांनी मुलाला हॉटेल मॅनेजमेंटला घातलं. म्हणजे पाहायला गेलं तर बिअरच्या रस्त्याला साहिलला लावलं ते व्यसनमुक्तीच्या तासानेच. हे मी सरांना कधी बोलून दाखवलं नाही.

साहिल बंगळूरला गेला, मग परदेशात कुठेकुठे राहिला, बिअर बनवायला शिकला आणि पस्तिशीच्या पुढे गल्लीत परत आला. तोवर आमची चाळ पाडून तिथे अठरा मजल्यांची इमारत उभी राहिली होती. सर चौथ्या मजल्यावर, मी अकराव्या. सरांच्या पत्नी नव्या घरात जेमतेम एक दिवाळी राहिल्या. मुलगी चिपळूणला. सर एकटे आणि सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावर एक मोठा गाळा रिकामा होता. पूर्वी त्या जागी मिरची-कांडप चालायचं. साहिलने तो घेतला. तिथे तो स्वतः बिअर बनवणार होता आणि सोबत खायला शेअरिंग प्लेट्स ठेवणार होता. म्हणजे प्रत्येकाने आपापली डिश मागवायची नाही. छोट्या छोट्या ताटल्या टेबलाच्या मध्ये येणार आणि सगळ्यांनी मिळून त्यातून खायचं.

मेन्यूकार्डाचं काम माझ्याकडे होतं, कारण मी पोटासाठी अशीच कामं करते. मराठी मजकूर सरांनी एकदा डोळ्याखालून घालावा म्हणून चौथ्या मजल्यावर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा कागद लालेलाल होता. 'बोंबील' आणि 'बोंबिलाची' यांतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला होता. 'शेअरिंग प्लेट्स'भोवती गोल करून समासात प्रश्नचिन्ह होतं. मी समजावून सांगितलं. सर म्हणाले, "अच्छा. गावाहून आम्ही आलो तेव्हा एका खोलीत अकरा जण होतो आणि परात एक. सगळे त्यातच जेवायचे. त्याला तेव्हा अडचण म्हणत. कोणी फोटो काढला नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "बाकी बोंबील आता बरोबर आहेत."

नोटीस बोर्डावर साहिलचा अर्ज लागला आणि सर हरकतीच्या तयारीला लागले. वासाचा त्रास, गर्दी, पार्किंग, मुलांवर परिणाम. वासाचा मुद्दा वाचून मला गंमत वाटली, कारण चाळीस वर्षं अख्खी चाळ कांडपाच्या खकाण्याने शिंकत होती. सर म्हणाले, "त्यावरही मी हरकत घेतली होती. फाइल आहे." पण न बघता आरोप करायचा नाही हे त्यांचं तत्त्व. म्हणून एका सकाळी ते पाहणीला आले आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं.

आत चकचकीत स्टीलच्या टाक्या होत्या, नळ्या होत्या, काटे होते. सर दारात चपला काढून आत शिरले. प्रयोगशाळेत येणारी नवी मुलं चालतात तसे ते हात मागे बांधून टाक्यांमधून फिरले. साहिल त्यांच्यामागून चालत होता. मग त्याने एका ग्लासात थोडी बिअर काढली आणि त्यांच्यासमोर धरली. मला वाटतं तो चिडवत होता. सरांनी ग्लास हातात घेतला नाही. त्यावरून नुसता हात फिरवला.

"लोणी," सर म्हणाले.

साहिलचा चेहरा पडला. तो स्टुलावर बसला आणि बोलायला लागला. तीन खेपा झाल्या होत्या, तिन्ही खेपेला बिअरला लोण्याचा वास. दोन त्याने गटारात ओतून दिल्या होत्या. मित्रांना पाजली तर म्हणतात मस्त आहे. उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं, आमंत्रणं गेली होती, नोकरी सोडलेली होती. सरांनी विचारलं, टाकी थंड कधी केलीस? साहिल म्हणाला, सहाव्या दिवशी. का? घाई होती. सर निघून गेले. मला वाटलं हरकतीला दहावा मुद्दा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते कागदात गुंडाळलेलं एक जुनं पुस्तक, थर्मामीटर आणि घरच्या दोन स्टीलच्या वाट्या घेऊन हजर. दोन्ही वाट्यांत बिअर घेतली. एक तशीच झाकून ठेवली, दुसरी गरम पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास ठेवली आणि मग गार होऊ दिली. मग दोन्हींवरून हात फिरवला. गरम केलेल्या वाटीतून लोण्याचा वास असा आला की तो मलासुद्धा कळला. सर म्हणाले, "काम संपलेलं नाही. यीस्ट आधी हा वास तयार करतं आणि मग स्वतःच तो खाऊन टाकतं. तू अर्ध्यातच थंड केलंस. गडी कामावर असताना दिवे घालवलेस." थोडं ऊबदार कर, ताजं यीस्ट घाल आणि चार दिवस हात लावू नकोस, असं त्यांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी वास गेला. पाचव्या दिवशी सरांची हरकत नोटीस बोर्डावर लागली.

मी त्यांना विचारलं की सर, हे कसं काय? ते म्हणाले, "दुकान होऊ नये, हे माझं मत आहे. पण वाईट गोष्टसुद्धा वाईट केलेली मला बघवत नाही."

त्यानंतर ते रोज सकाळी नऊला यायचे. दर खेपेचं तापमान वहीत लिहायचे, टाक्यांना क्रमांक दिले, साहिलने आकडा टाकायचा राहिला तर त्याला उभं करून विचारायचे. साहिलही उभा राहायचा. स्वयंपाकघरात काम करणारी माणसं आपल्या मालकाला असं उभं राहिलेलं पाहून आधी दचकली, मग तीही सर आले की सरळ उभी राहायला लागली.

एक दिवस मात्र बिनसलं. साहिल लायसन्सच्या कामात अडकून उशिरा आला होता आणि दोन दिवसांचे आकडे कोरे होते. सर वहीवर बोट ठेवून म्हणाले, "हे तुझं काम नाही असं मी तेव्हाच..." आणि थांबले. पण उशीर झाला होता.

"तेव्हाच काय, सर?" साहिल शांतपणे म्हणाला. "विज्ञान शाखेच्या वाटेला जाऊ नये. पाठ आहे मला. बाबांनाही पाठ होतं. मी परदेशात बिअर बनवत होतो आणि ते शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, पोरगा वेटर आहे. शास्त्र त्याला झेपलं नसतं, सरांनीच सांगितलं होतं."

सरांनी वही मिटली, चपला घातल्या आणि गेले. पुढचे दोन दिवस ते आले नाहीत. साहिल टाक्यांपाशी बसून राहायचा आणि आकडे वेळच्या वेळी लिहायचा. बोललो ते बरं झालं की गप्प राहायला हवं होतं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. मी चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. सरांनी दार उघडलं, बरं नाही म्हणाले, आणि चहाचंही न विचारता दार लावून घेतलं. त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

तिसऱ्या दिवशी नऊला ते आले. आल्या आल्या म्हणाले, "तावडे, ते प्रगतिपुस्तक आहे का?" साहिलच्या आईने ते ठेवलं होतं, आया ठेवतातच. त्या स्वतः घेऊन खाली आल्या. सरांनी ते टाकीशेजारच्या टेबलावर उघडलं, तो शेरा शोधला, लाल पेनाने त्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'शेरा चुकीचा होता. विद्यार्थ्याचा प्रश्न बरोबर होता.' सही केली. तारीख घातली.

साहिलने ते पान जवळ ओढून वाचलं. मग म्हणाला, "सर, वीसच्या वर वर्षं झाली."

"हो. उशीर झाला," सर म्हणाले. "आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं असतं. तुम्ही सगळे हसलात आणि मला राग आला. बस." साहिलच्या आई पदराने डोळे पुसत होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "दोन नंबरची टाकी किती आहे?"

रविवारी सोसायटीची सभा झाली. परवानगी द्यायची की नाही, हा एकच विषय. सरांनी हरकतीचे नऊच्या नऊ मुद्दे वाचून दाखवले, ठणठणीत आवाजात. मग शिर्के उठले. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तेव्हापासून शिर्के आणि सर यांचं वाकडं. ते म्हणाले, "सर, तुम्ही रोज सकाळी त्या गाळ्यात जाता. सगळ्या बिल्डिंगने बघितलंय."

"जातो," सर म्हणाले.

"कशाला?"

"बिअर नीट व्हावी म्हणून."

शिर्क्यांना एवढ्या सहज यशाची सवय नव्हती, त्यामुळे पुढे काय विचारावं ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमची हरकत नाही?" सर म्हणाले, "आहे ना. आत्ताच वाचली. ते दोन वेगळे मुद्दे आहेत."

सरांना ते वेगळे वाटत होते. सभेला नाही वाटले. मागच्या रांगेतून आठव्या मजल्यावरच्या परबकाकू शेजारणीला म्हणाल्या, आणि त्यांचं हळू बोलणं सगळ्यांना ऐकू येतं, "सर रोज थंय जातत, म्हणजे जागा बरी आसतली." तिथेच निकाल लागला. चाळीस वर्षं ज्या माणसाने कुठल्या टपरीवर सुपारीसुद्धा खाल्ली नाही, तो जिथे रोज चपला काढून आत जातो ती जागा वाईट कशी असेल? हात वर झाले. सेक्रेटरी म्हणून मोजायचं काम सरांचंच. त्यांनी परवानगीच्या बाजूचे हात दोनदा मोजले, मग विरोधातले मोजले, त्यात स्वतःचा हात वर करून तोही धरला, आणि प्रस्ताव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. ना-हरकत पत्र त्यांनीच लिहिलं. मी ते वाचलंय. हरकतीच्या पत्राइतकंच ते पटण्यासारखं होतं.

उद्घाटनाला ते येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी तसं सांगितलंही होतं. काम सकाळचं, संध्याकाळचं आपलं तिथे काय?

पुढचं थोडक्यात सांगते. उद्घाटनानंतर आठवड्याभरात मी कामासाठी नाशिकला गेले आणि तिथेच महिना-दीड महिना अडकले. त्या दरम्यान सर डोळ्यांच्या ऑपरेशनला चिपळूणला मुलीकडे गेले. ऑपरेशन चांगलं झालं. आणि मग एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. साहिलने फोन करून सांगितलं. आदल्याच दिवशी त्यांनी फोनवरून टाकीचे आकडे विचारले होते. मग तो म्हणाला, ठेवतो, आणि ठेवला नाही.

त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर सर आहेत ते उद्घाटनाच्या संध्याकाळचेच.

सात वाजून गेले होते. मधलं लांब टेबल पाठीमागच्या ऑफिसांतून आलेल्या पोरापोरींनी भरलं होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते आणि परत फिरायच्या बेतात होते. साहिल गर्दीत होता, त्याला दिसले नाहीत. मी उठेपर्यंत टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका मुलीने सरकून बाकावर जागा केली आणि हाताने थोपटून दाखवली. सर बसले. त्यांनी स्वतःसाठी वेगळी ताटली मागून घेतली आणि ती समोर कोरीच ठेवली. समोर बोंबील आले, कोलंबी आली, अळूवडी आली. माना पुढे काढून सगळे मधूनच खात होते. मुलगी सरांना आग्रह करत होती. सर आधी मानेने नको म्हणत राहिले. मग त्यांनी एक अळूवडी उचलली, आपल्या ताटलीत ठेवली, खाल्ली. दुसरी उचलली ती ताटलीत न ठेवताच.

मी पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्यामागे गेले तेव्हा ती मुलगी विचारत होती, "काका, तुम्ही इथले ओनर का?"

"नाही," सर म्हणाले. "मी या रेस्टॉरंटवर हरकत घेतलीय. लेखी."

तिने ते शेजारच्याला सांगितलं, त्याने पुढच्याला. टेबलभर हसू पसरत गेलं आणि फिरून सरांपर्यंत आलं. आणि सर हसले. शाळेची तीन वर्षं आणि पुढची वीस-बावीस, मी त्यांना कधी तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं. वरच्या दोन दातांच्या मध्ये चांगली मोठी फट होती, लहान पोराच्या असते तशी.

मी ग्लास ठेवून मागे सरले. बाहेर गल्लीत आले तेव्हा काचेतून टेबल दिसत होतं. मुलगी काहीतरी सांगत होती, सर तिच्याकडे कान करून ऐकत होते. मधली बोंबिलांची ताटली रिकामी झाली होती. त्यांनी बोलता बोलता ती उचलली आणि टेबलावर आणखी एक द्या म्हणून वेटरला खूण केली.